११ माणसं, तीन जागा, दोन लँडलाईन: दुकानासाठी फोन सिस्टीम कोणती घ्यावी?

पंपवाली · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. खूप दिवसांपासून इथे नुसती वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहिते. आमचं शेतीचे पंप आणि मोटरचे पार्ट विकायचं दुकान आहे नागपूरला कॉटन मार्केटजवळ, बाबांनी टाकलेलं, गोडाऊन वाडीला आणि रिवाइंडिंगचं वर्कशॉप हिंगणा रोडला. सगळे मिळून ११ जण. दोन लँडलाईन आहेत, दोन्ही तांब्याच्या, त्यातला एक नंबर इतका जुना की काटोल-नरखेडकडच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी भिंतीवर लिहिलेला आहे, खरंच, कोळशाने. त्यामागे एक ईपीएबीएक्स, म्हणजे लाईन आणि आतले फोन जोडणारं मशीन, ३ लाईन ८ एक्स्टेन्शनचं, काउंटरखाली धूळ खात पडलेलं, ३ एक्स्टेन्शन मेलेले.

समोर सिमेंट रोडसाठी खोदलं तेव्हापासून एक लाईन सारखी मरते. गोडाऊनला स्टॉक विचारायचा तर पोरं आपापल्या मोबाईलवरून विचारतात. वर्कशॉपच्या मिस्त्रींना गिऱ्हाईक थेट त्यांच्या मोबाईलवर फोन करतं, मागच्या वर्षी एक मिस्त्री सोडून गेला तर त्याच्यासोबत गिऱ्हाईकंही गेली, तेव्हा माझे डोळे उघडले.

दोन जण येऊन गेले. एक म्हणतो आयपी पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कच्या वायरवर चालणारं मशीन बसवा, १२ आयपी फोन घ्या, त्यांना वायरमधूनच करंट देणारा पीओई स्विच घ्या, कोटेशन ऐकून बाबा उठून चहा सांगायला गेले ते आलेच नाही. दुसरा म्हणतो काहीच बसवू नका, सगळं क्लाउडवर, म्हणजे मशीन त्यांच्याकडे, माणशी दर महिन्याला पैसे. दोघांनी एकमेकांच्या सिस्टीमला इतकी नावं ठेवली की मला आता दोन्हीची भीती वाटते. बाबांचं म्हणणं, फोन वाजतो, आपण उचलतो, यात सिस्टीम कसली. आणि त्यांची एकच अट आहे, जुना नंबर जाता कामा नये. सांगा काय करू.

उकाडा४७ · रविवार, रात्री १०:३१

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. विषय संपला.

इतवारी_घाऊक · रविवार, रात्री ११:०५

विषय नाही संपत ना भाऊ. आम्ही किराणा होलसेलवाले, आमचं ८० टक्के काम व्हॉट्सॲपवर चालते, दुकानदार यादी टाकतो, आपण भाव टाकतो. पण ताईंचं गिऱ्हाईक शेतकरी आहे, त्याची मोटर बंद पडली की तो टाईप नाही करत, फोनच लावतो. हां, पण एक काम आजच करून टाका ताई. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाईन नंबरवरही सुरू होते, एसएमएसच्या जागी 'कॉल करा' निवडायचं, मग लँडलाईनवर फोन येतो आणि बाई कोड सांगते, तो टाकायचा. आमचा ०७१२ वाला नंबर तसाच चालू आहे व्हॉट्सॲपवर, वर ४ डिव्हाईस जोडता येतात, म्हणजे काउंटरवरचा पोरगा आणि गोडाऊनवाला दोघंही तेच चॅट पाहतात. भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या नंबरवर जळालेल्या स्टार्टरचा फोटो यायला लागला तर अर्धं काम झालं समजा. फक्त ईपीएबीएक्सचं ऑटो अटेंडंट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा आवाज, बंद ठेवा त्या वेळी, नाहीतर कोड सांगणारी बाई आणि 'एक दाबा' म्हणणारी बाई एकमेकींशीच बोलत बसतात. आमच्याकडे तसंच झालं होतं, तीनदा.

क्रोनटूल · सोमवार, सकाळी ७:४८

ताई, मी २२ वर्षं झाले टेलिफोन इन्स्टॉलेशन करतो, ईपीएबीएक्स, ईपीबीटी म्हणजे बटणाचे फोन, आता आयपी पण. माल विकत नाही, लेबर करतो, म्हणून मोकळं बोलतो.

आधी ते तीन मेलेले एक्स्टेन्शन पाहा. शंभरातले नव्वद वेळा कार्ड मेलेलं नसते, क्रोन बॉक्समध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जोडतात त्या डब्यात, वायर हिरवी पडलेली असते नाहीतर उंदराने खाल्लेली असते. एक साधा फोन घ्या, एक्स्टेन्शनची वायर मशीनच्या पोर्टवरून काढून थेट तिथेच तो फोन लावा, टोन आला तर मशीन चांगलं, दोष वायरिंगचा. वायर दातानं सोलू नका हे पण सांगून ठेवतो, फोन ठेवलेला असताना लाईनवर ४८ व्होल्ट असतात ते कळत नाही, पण नेमकी तेव्हाच रिंग आली तर ७५ च्या आसपास एसी जिभेवर येते. माझी आली आहे. दोनदा.

पोर्टच गेला असेल तर विजेचा तडाखा असू शकते. मृगाच्या पहिल्या पावसात आपल्याकडे जेवढे ईपीएबीएक्स मरतात तेवढे वर्षभरात नाही मरत, कारण कोणीच अर्थिंग करत नाही, थ्री पिनची तिसरी पिन तोडून टू पिनमध्ये घुसवतात. लाईनवर सर्ज प्रोटेक्शनचा मोड्यूल आणि नीट अर्थिंग एवढंच पाहिजे.

दुसरं. लाईन तांब्याची आहे म्हणता, तर ती फायबरवर करून घ्या. बीएसएनएलच्या भारत फायबरवर तांब्याचा जुना नंबर तोच ठेवून बदलून मिळतो, मी गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी दुकानांचे करताना पाहिले. ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या डब्याच्या, मागे फोनचं सॉकेट असते, त्यातून वायर काढून तुमच्या जुन्या ईपीएबीएक्सच्या लाईन पोर्टमध्ये टाकली की मशीनला फरकच नाही कळत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तांब्याला करंट एक्स्चेंजमधून यायचा, घरचा लाईट गेला तरी फोन चालायचा. ओएनटी तुमच्या लाईटवर चालते. म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचाच, राउटरवाला, नाहीतर लाईट गेला की दुकानाचा नंबर बंद.

आणि नवीन मशीन घेतलंच तर मॅट्रिक्स, सिंटेल असं काहीतरी घ्या, ज्याचे पार्ट आणि माणूस इथे मिळते. पॅनासॉनिकची मशीनं एक नंबर होती, पण त्यांनी २०२२ मध्येच ईपीएबीएक्सचा धंदा गुंडाळायचं ठरवलं, आता कोणी नवीन म्हणून विकत असेल तर जुना स्टॉक आहे समजून घ्या.

पंपवाली · सोमवार, दुपारी १:२०

दादा, तुमचं वाचून काउंटरखाली जाऊन बसले. टोन आला!! तिन्ही पोर्टवर. म्हणजे मशीन जिवंत आहे आणि कोटेशनवाल्याने मला 'मॅडम हे संपलं' सांगितलं होतं. क्रोन बॉक्स उघडला तर आत पालीची अंडी.

निळी_वायर · सोमवार, रात्री ९:१५

मी मिहानला आयटीत आहे, घरी हौस म्हणून ॲस्टेरिस्क, म्हणजे कॉम्प्युटरचंच ईपीएबीएक्स करणारं सॉफ्टवेअर, चालवतो, तर माझं झुकतं माप आधीच सांगून टाकतो. ॲस्टेरिस्क १९९९ पासून आहे, फुकट, ओपन सोर्स, त्यावर फ्रीपीबीएक्स टाकलं की ब्राउझरमधून सगळं करता येतं. जुना कॉम्प्युटर आणि एक एफएक्सओ गेटवे, म्हणजे ज्यात तुमची साधी लाईन घुसते आणि पलीकडून आयपी बनून निघते, एवढ्यात तीनही जागा एकच इंटरकॉम होतात. दुकानातून २०१ फिरवलं की वाडीचं गोडाऊन, ३०१ म्हणजे वर्कशॉप, फुकट, कारण कॉल इंटरनेटवरून जातो. बाबांच्या मोबाईलवर ॲप टाकलं की तेही एक एक्स्टेन्शन.

इंटरनेट किती लागेल म्हणाल तर फारच थोडं, चांगल्या आवाजाचा एक कॉल, जी.७११ वाला, दोन्ही बाजूंना साधारण ८५-९० केबीपीएस खातो, पाच कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस. लोक १०० चा प्लॅन घेऊनही म्हणतात आवाज तुटतो, कारण स्पीडचा प्रश्नच नसतो, उशिराचा असतो. आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदाच्या आत पोचला पाहिजे आणि सारखा पोचला पाहिजे. गोडाऊनच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत असेल तर अपलोड सगळा तोच गिळतो आणि फोनवर रोबोट बोलतो. तेव्हा राउटरमध्ये आवाजाला आधी वाट द्या असं सेटिंग करावं लागतं. आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं बटण बंद करायचं, ते मदतीसाठी दिलंय पण त्याने एका बाजूचा आवाजच गायब होतो. माझे दोन शनिवार त्यात गेले.

क्रोनटूल · सोमवार, रात्री ९:५२

भाऊ एफएक्सओ गेटवेचं गोड गोड सांगितलं, कडू पण सांगा ना. समोरच्याने फोन ठेवला हे गेटवेला कळलं पाहिजे. साध्या लाईनवर ते कळायला एक तर लाईनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटायला पाहिजे नाहीतर बिझी टोन ओळखता आला पाहिजे, सेटिंग चुकलं की कॉल संपतो पण लाईन अडकून बसते, बाहेरून लावणाऱ्याला दिवसभर एंगेज. एका डॉक्टरांकडे शुक्रवारी संध्याकाळी अडकली ती सोमवारी सकाळी सुटली. तसंच कॉलर आयडी, आपल्याकडे बऱ्याच लाईनवर नंबर डीटीएमएफने, म्हणजे बटणांच्या टोनमध्ये, येतो, मशीन परदेशी सेटिंगवर असलं की नंबर दिसतच नाही, मग मला फोन, 'दादा नवीन मशीन खराब निघालं'.

निळी_वायर · सोमवार, रात्री १०:०४

मान्य. १०० टक्के मान्य. आणि अजून एक कडू मीच सांगतो. घरचा सर्व्हर मी उघड्यावर ठेवला होता, इंटरनेट फोनचं नेहमीचं दार म्हणजे पोर्ट ५०६०, पासवर्ड एक्स्टेन्शन नंबरच. चार तासांत कुठूनकुठून लॉगिनचे प्रयत्न सुरू झाले. असे सर्व्हर फोडून रात्री परदेशात कॉल टाकतात आणि बिल मालकाला येतं. आयएसडी कंपनीकडूनच बंद करून ठेवा, लागत नसेल तर. आणि तीन जागा जोडायच्या तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटमधल्या आपल्या बंद वाटेने.

उकाडा४७ · सोमवार, रात्री १०:१०

म्हणजे पंप विकायला आता व्हीपीएन पाहिजे. चालू द्या.

वाडी_ट्रान्सपोर्ट · मंगळवार, सकाळी ११:३०

आमचं ऑफिस तुमच्या गोडाऊनच्या जवळच असेल बहुतेक. आम्ही क्लाउडवर आहोत, एक्झोटेल, मायऑपरेटर, नॉलॅरिटी, टाटाचं स्मार्टफ्लो असे बरेच आहेत, आम्ही ज्याच्याकडे आहोत त्याचं नाव नाही सांगत कारण पुढे थोडं वाईट बोलायचं आहे. चांगलं आधी. पेटी नाही, वायर नाही, गिऱ्हाईक एका नंबरवर लावतं आणि आमच्या चार पोरांच्या साध्या मोबाईलवर वाजतं, ॲप नको, इंटरनेट नको. पोरगा सोडून गेला, त्याचा नंबर काढला, दुसऱ्याचा टाकला, गिऱ्हाईकाला पत्ता नाही. तुमच्या मिस्त्रीवाल्या दुखण्यावर हेच औषध आहे. मागच्या वेळी ज्याच्याशी बोलला त्यालाच परत लागतो, ते पण सेटिंग आहे. आणि संध्याकाळी मिस कॉलची यादी येते, माझ्या मते सगळे पैसे त्या यादीचेच आहेत.

वाईट हे की पहिल्या वर्षीची किंमत दुसऱ्या वर्षी राहत नाही, आणि आम्ही सोडतो म्हटल्यावर कळलं की नंबर आमचा नाहीच, त्यांचा आहे. मोबाईल नंबर पोर्ट होतो, हे व्हर्च्युअल नंबर आणि लँडलाईन तसे होत नाही आपल्याकडे. १४ ट्रकवर तो नंबर रंगवलेला. आता पेंटरचा खर्च आणि गिऱ्हाईकाचा गोंधळ नको म्हणून तिथेच आहो. तर नंबर छापायच्या आधी करारात विचारा, सोडलं तर नंबराचं काय.

पंपवाली · मंगळवार, दुपारी ३:४४

बापरे. हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. मग जुना लँडलाईन नंबर क्लाउडकडे फॉरवर्ड करून ठेवला तर? आणि सीझनच्या आधी सगळ्या जुन्या गिऱ्हाईकांना ऑफरचे रेकॉर्डेड कॉल टाकता येतात म्हणाला तो क्लाउडवाला, ते कसं वाटतं?

सीए_धरमपेठ · मंगळवार, सायंकाळी ६:२०

ऑफरच्या कॉलच्या भानगडीत पडू नका. जाहिरातीचे कॉल साध्या १० आकडी नंबरवरून करणं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमात बसत नाही, त्यासाठी नोंदणी आणि १४० ने सुरू होणारी सिरीज लागते, तक्रारी झाल्या की नंबरच तोडतात. ज्या नंबरसाठी बाबा अडून बसलेत तोच जाईल.

दुसरं, लँडलाईनची बिलं कोणाच्या नावावर आहेत? जुन्या दुकानांत हमखास वडिलांच्या नावावर, घरच्या पत्त्यावर असतात. बिलावर १८ टक्के जीएसटी भरता तुम्ही, फर्मच्या नावावर आणि फर्मचा जीएसटी नंबर टाकून बिल नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. पण मला क्रेडिटपेक्षा दुसरी काळजी आहे. नंबर ज्याच्या नावावर, मालक तो. वडील आहेत तोवर सही करून फर्मच्या नावावर करून घ्या, नंतर वारस दाखला घेऊन फिरणारे मी पाहिलेत. फायबरवर नेताना दोन्ही कामं एकदमच करा.

बोर्डवरची_ताई · मंगळवार, रात्री ८:५५

मी रामदासपेठेत एका दवाखान्यात १९ वर्षं टेलिफोन बोर्डवर बसली, मागच्या वर्षी निवृत्त झाली. हे सगळं वाचलं, मला एफएक्सओ-बिफेक्सओ काही समजत नाही, पण पोरी, तुले एक विचारू का. तुमच्याकडे दिवसाला फोन किती येतात आणि किती वाजता येतात, हे कोणी लिहून ठेवलं आहे का? कोणीच विचारलं नाही तुले इतक्या वेळात. आमच्याकडे नवीन मशीन आणलं, भारीतलं, तेव्हा पण कोणी मले विचारलं नव्हतं. मशीन बसल्यावर समजलं की सकाळी ९ ते ११ मध्ये निम्मे फोन येतात आणि तेव्हाच आम्ही दोघींपैकी एक केस पेपरच्या खिडकीवर असायची. मशीन 'आपण रांगेत आहात' म्हणत राहायचं, पेशंट कंटाळून ठेवून द्यायचा. शेवटी खिडकीवर दुसरी मुलगी बसवली, तेव्हा भागलं.

एक वही घे. फोन आला की वेळ, कुठून, काय पाहिजे, कोणी उचलला. आठ दिवस. मिस कॉल दिसेल असा कॉलर आयडीवाला फोन लाव दोन्ही लाईनले. मग मशीन घे.

आणि आवाज रेकॉर्ड करशील तर आधी मराठी ठेव, मग हिंदी. लहान ठेव. आमच्या मशीनवरची बाई आधी दवाखान्याचा इतिहास सांगायची, मग डॉक्टरांच्या डिग्र्या. पोटात दुखणारा माणूस ऐकत राहतो का ते.

क्रोनटूल · मंगळवार, रात्री ९:०३

ताईंना दंडवत.

इतवारी_घाऊक · मंगळवार, रात्री ९:४०

हे वहीचं एकदम बरोबर आहे. आणि मशीन कुठे ठेवता ते पण पाहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा माझ्या साडूच्या ऑफिसात ईपीएबीएक्स, इन्व्हर्टर, राउटर सगळं टेबलाखाली, कमरेएवढं पाणी. एकच फोन वाचला, भिंतीवर उंच लावलेला, पण त्याला लावायला मागे मशीनच नव्हतं. तेव्हापासून आम्ही सगळे खोके खांद्याच्या वर ठेवतो.

पंपवाली · नऊ दिवसांनी, गुरुवार, रात्री ११:१८

उशीर झाला, मुद्दाम झाला. वही घातली होती. बाबा पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवसापासून स्वतः लिहायला लागले, त्यांच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत, 'सावनेर, ५ एचपी, माणूस चिडलेला'.

सहा दिवसांत ४१२ फोन. त्यातले ९७ कोणी उचललेच नाही. मला वाटायचं लाईन बिझी असते म्हणून फोन सुटतात, तसे असतीलही काही, ते वहीत येणार नाहीत, पण या ९७ मधले ६१ सकाळी साडेसहा ते दहाच्या मधले आहेत. दुकान दहाला उघडतं! बाबांना विचारलं हे काय, तर ते म्हणाले अगं शेतीचा लाईट काही दिवस दिवसा असतो काही दिवस रात्री, रात्रीची पाळी असली की पहाटे मोटर जळाल्याचं कळतं, मग तो उजाडलं की फोन लावतो. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं. 'मग आपण काही का नाही केलं' विचारलं तर म्हणे तो दहाला परत लावतो ना. लावत नाही बाबा, दुसऱ्या दुकानात लावतो, मी ६१ मधल्या २० जणांना उलट फोन करून विचारलं, १३ जणांचं काम दुसरीकडे झालेलं होतं.

अजून एक गंमत. पोरं सांगायची लँडलाईनवरून मोबाईल लागतच नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावं लागतं, ते सगळ्यांना माहीत, पण ईपीएबीएक्समधून बाहेरची लाईन घ्यायलाही शून्यच आहे, म्हणजे दोन शून्य लागतात आणि आमची पोरं एकच लावत होती. इतकी वर्षं स्वतःच्या मोबाईलवरून बोलून राहिले होते बिचारे.

गोडाऊनला दिवसाला सात-आठ फोन, सगळे 'इंपेलर आहे का' टाईपचे. वर्कशॉपला जास्त, 'माझी मोटर झाली का'.

निळी_वायर · गुरुवार, रात्री ११:४०

मग तर सोपं झालं. माझं ॲस्टेरिस्क मागे घेतो, हौशी माणसाने हौसेपुरतं बोलावं. तुमच्याकडे ते सांभाळायला कोणी नाही आणि मी शनिवारी येईन म्हणेन पण येणार नाही.

क्रोनटूल · शुक्रवार, सकाळी ७:३०

मग असं करा. जुनं मशीन राहू द्या, वायरिंग नवीन करा, एका दिवसाचं काम आहे. मेन नंबर फायबरवर. सकाळी साडेसहा ते दहा लँडलाईनलाच कॉल फॉरवर्ड लावा मोबाईलवर, दुकान उघडलं की काढा. कोड तुमच्या कंपनीला विचारा. फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे तुमच्याकडे लागतात का, प्लॅनमध्ये आहे का, ते आधी पाहा, आणि मोबाईलवर शेतकऱ्याचाच नंबर दिसतो की दुकानाचा, ते आपल्याच दुसऱ्या फोनवरून लावून तपासा. दुकानाचा दिसला तर मिस कॉल झाल्यावर उलट कोणाला लावणार?

वाडी_ट्रान्सपोर्ट · शुक्रवार, सकाळी १०:१०

पण फॉरवर्ड एकाच मोबाईलवर जाते. मिस्त्री विहिरीवर असला, मोटर चालू असली, तर तो उचलणार कसा? वर्कशॉपसाठी तेवढं क्लाउड घ्या, तीन माणसांचं, महिन्याच्या प्लॅनवर, वर्षाचा नको. सर्व्हिसचा नंबर वेगळा. तो नंबर ट्रकवर रंगवू नका म्हणजे झालं, माझ्यासारखा.

बोर्डवरची_ताई · शुक्रवार, दुपारी १२:४५

सकाळी साडेसहाला कोण उचलणार त्याले विचारलं का? त्याचे जास्तीचे पैसे द्याल ना?

पंपवाली · दोन महिन्यांनी, रविवार, रात्री ९:३०

हिशोब द्यायला आले. क्रोनटूल दादांच्या ओळखीच्या माणसाने वायरिंग केलं, आठही एक्स्टेन्शन चालू, मशीन आता भिंतीवर उंच, नवीन अर्थिंग. मेन नंबर फायबरवर गेला, तोच राहिला, फर्मच्या नावावर झाला, सहीच्या वेळी बाबा जरा गप्प होते, मग म्हणाले अक्षर नीट काढ. ओएनटीला छोटा यूपीएस.

सकाळचं फॉरवर्ड आधी पंधरा दिवस करून पाहिलं आणि वाडीवाल्या दादांनी सांगितलं तेच झालं, मिस्त्री विहिरीत आणि फोन वर चपलेजवळ. मग सर्व्हिससाठी क्लाउडचा एक नंबर घेतला, तीन जणांचा, महिन्याचा प्लॅन. नंबर सोडल्यावर काय ते विचारलं, विकणारा आधी 'मॅडम तशी वेळच येणार नाही' म्हणत राहिला, मी लेखी मागितल्यावर म्हणाला नंबर त्यांचाच राहील. बरं. म्हणून मोटरवर जो स्टिकर लावतो त्याच्यावर मोठ्या अक्षरात जुनाच नंबर आहे, सर्व्हिसचा नंबर खाली लहान, आणि दुकान बंद असताना जुना नंबर त्या सर्व्हिसच्या नंबरवर फॉरवर्ड होतो. उद्या क्लाउड बदललं तर फक्त फॉरवर्ड बदलायचं. पहिल्या दिवशी फॉरवर्ड झालेल्या फोनवर आमचाच नंबर दिसत होता, दोन दिवस भांडून ते सरळ झालं.

सकाळी आळीपाळीने दोघं मिस्त्री फोन उचलतात, ताई, महिन्याला जास्तीचे पैसे ठरवले आहेत, त्यांनीच आकडा सांगितला. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून सुरुवातीला तसं सांगणारं वाक्य टाकलं, मराठीत मग हिंदीत, दोन्ही मिळून अकरा सेकंद, माझ्याच आवाजात, सर्दी झाली होती त्या दिवशी. 'एक दाबा दोन दाबा' ठेवलंच नाही, कारण पहिल्या आठवड्यात ठेवलं होतं तर निम्मे लोक काहीच न दाबता 'हॅलो, हॅलो, कोण बोलून राहिलं' करत थांबायचे.

गोडाऊनला काहीच नाही घेतलं. तिथे एक साधा मोबाईल, दुकानाच्या सिमचा, खिळ्याला टांगलेला. आयपी फोनवाल्याचा अजून मेसेज येतो दर सोमवारी.

मागच्या आठवड्यात परत सहा दिवस वही घातली. सकाळचे न उचललेले फोन ६१ वरून ९ वर. एक प्रश्न राहिला, दुसरी तांब्याची लाईन, ती आता दिवसाला दोनदा वाजते, दोन्ही वेळा रॉंग नंबर. सरेंडर करू का? आणि बाबांनी माळ्यावरून आणखी एक जुनं ईपीएबीएक्स काढलंय, याच्याही आधीचं, म्हणतात ते पण लावून पाहा.

क्रोनटूल · रविवार, रात्री ९:४१

लाईन सरेंडर करायच्या आधी बँकेत, जीएसटीत, गॅसच्या पुस्तकात कुठे तो नंबर दिलेला आहे का ते पाहा, डिपॉझिट परत मागा. आणि माळ्यावरचं मशीन भंगारात देऊ नका ताई, कव्हर उघडून कार्डचा फोटो टाका. त्यातलं लाईन कार्ड जुन्या सिंटेलचं असलं तर उमरेडला एका शाळेत मला तेच पाहिजे आहे, चार महिन्यांपासून शोधून राहिलो.